पाणी नसलेलं धरण आणि स्वतःच्या विजेचं गाव

(अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, डेटन परिसरातल्या मराठी मंडळींपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, फलकावर विषय लिहिलाय: 'यलो स्प्रिंग्ज – एका छोट्या गावाच्या सेवा आणि इतिहास'. सेक्रेटरींनी मला पाऊण तास दिला आणि त्यातला बराचसा माझी ओळख करून देण्यात स्वतःच संपवला. तेव्हा पुढे काही राहून गेलं तर हिशोब त्यांच्याकडे मागा.

यलो स्प्रिंग्जला आपण सगळेच जातो. जाऊन काय करतो? यंग्ज डेअरीत आइस्क्रीम खातो, बकऱ्यांना दाणे घालतो. मग झीनिया अव्हेन्यूवर पार्किंगसाठी चकरा मारतो, रंगीबेरंगी दुकानांत शिरतो, किमती बघून बाहेर येतो, आणि विनोदवीर डेव्ह चॅपेल कुठे दिसतोय का म्हणून माना वळवतो. तो तिथे राहतो हे खरं. पण परवा एकानं मला विचारलं, "दुकानं सोडून त्या गावात आहे काय?" त्याच्या उत्तरासाठी मी हे व्याख्यान मागून घेतलंय. ते गृहस्थ आज आलेले नाहीत, हे वेगळं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. हे साधारण ३,७०० वस्तीचं गाव गाव म्हणून टिकलं ते आपल्या गरजेच्या सेवा त्यानं स्वतःच्या हातात ठेवल्या म्हणून. आणि गावानं असं का करावं, हे ज्या माणसानं आयुष्यभर सांगितलं तो धरणं बांधणारा आर्थर मॉर्गन याच गावात राहायचा. मॉर्गन म्हटलं की मला धरणापासून सुरुवात करावी लागते. आमच्या घरून आलेल्यांनी हे पूर्वी ऐकलंय, त्यांनी खुशाल चहा घेऊन यावा.

माझे वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीतली बरीच वर्षं उजनीवर गेली. ते इथे आले तेव्हा नायगारा वगैरे बघून झाल्यावर मी त्यांना हौसेनं हफमन धरणावर नेलं. राइट-पॅटरसनच्या हवाई तळाजवळचं, तुम्ही रोज गाडीतून बघता ते. आबा मातीच्या भरावावर उभे राहिले, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. एका बाजूला गवत, झाडं. दुसऱ्या बाजूलाही गवत, झाडं. मधून मॅड रिव्हर चाललीय, घोट्याएवढं पाणी. म्हणाले, "पाणी कुठाय?" मी म्हटलं, नसतंच. "गळती आहे?" नाही. "मग चौकशी बसली का?"

मग मी त्यांना खाली नेलं, बोगदे दाखवले. काँक्रीटचे, कायम उघडे. "दारं कुठायत?" दारंच नाहीत. "मग चालवतं कोण?" कुणीच नाही! खालची नदी जेवढं पाणी सुखरूप नेऊ शकेल तेवढंच त्या बोगद्यातून जाईल, अशा मापानं ते बांधलेत. पूर आला की जास्तीचं पाणी मागे शेतांवर तुंबतं, ओसरलं की आपोआप निघून जातं. आजवर शेकडो वेळा असं झालंय. तिथे एक पाटी आहे. ही धरणं पूर रोखण्यासाठी आहेत, वीज काढायला किंवा पाणी साठवायला वापरलीत तर खालच्या शहरांना ते घातक ठरेल, असं त्या पाटीवर चक्क बजावलंय. आबांनी खिशातली डायरी काढली आणि पाटीचा मजकूर अक्षरन् अक्षर उतरवून घेतला. म्हणाले, "धरण बांधणारा माणूस पुढच्या साहेबांना ओळखून होता."

तो माणूस मॉर्गन. मार्च १९१३ मध्ये ग्रेट मायामी नदीला महापूर आला, डेटन बुडालं, या खोऱ्यात ३५० हून अधिक माणसं गेली. लोक माळ्यांवर, छपरांवर अडकले होते. पाणी उतरल्यावर, पुन्हा असा पूर येऊ नये म्हणून वर्गणी सुरू झाली. घोषणा होती: माळ्यावर बसून केलेली वचनं आठवा! दोनेक महिन्यांत वीस लाख डॉलर्स जमले. आपल्या गणेशोत्सवाच्या वर्गणीवाल्यांनी याचा अभ्यास करावा. वॉशिंग्टनचा पैसा नाही, सगळा खर्च खोऱ्यातल्या लोकांनी रोखे काढून उचलला. पाच कोरडी धरणं, १९१८ ते १९२२. किती पाणी अडवायचं याचा हिशोब १९१३ च्या पुराचा, वर ४० टक्के जादा. आणि हे उभारणाऱ्या मॉर्गनकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. पदवी कसलीच नव्हती. इथे आय.आय.टी.वाले चार-पाच जण बसलेत, त्यांनी मनाला लावून घेऊ नये.

आणखी एक सांगतो, मग पुढे जातो. हफमन धरणामागच्या पूरक्षेत्रात ऑस्बॉर्न नावाचं गाव येत होतं. तिथली सुमारे ४०० घरं अख्खीच्या अख्खी उचलून दोन-तीन मैलांवर फेअरफील्डशेजारी नेली. १९५० साली दोन्ही गावं एक झाली, तेच आपलं फेअरबॉर्न. हे ऐकून आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आम्ही माणसं हलवली. घरं पाण्यात राहिली." त्या दिवशी आइस्क्रीम राहिलंच.

हो, चिठ्ठी मिळाली. दहा मिनिटं. बरं.

मॉर्गन १९२० मध्ये यलो स्प्रिंग्जच्या अँटिऑक कॉलेजचा अध्यक्ष झाला. मुलांनी काही महिने शिकायचं, काही महिने नोकरी करायची, ही पद्धत त्यानं आणली. कॉलेजच्या आसऱ्यानं गावात छोटे उद्योग निघाले. त्यांतल्या एका कंपनीनं सत्तरच्या दशकात रक्तातली साखर एन्झाइमच्या इलेक्ट्रोडनं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. या सभागृहातल्या निम्म्या लोकांनी त्या गावाला नमस्कार करायला हवा. १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनं मॉर्गनला टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीचा, म्हणजे टेनेसी नदीच्या खोऱ्याच्या विकासासाठीच्या सरकारी महामंडळाचा पहिला अध्यक्ष केलं, १९३८ मध्ये काढून टाकलं. आपलं दामोदर खोरे महामंडळ त्याच टेनेसीच्या धर्तीवर. मॉर्गन गावी परतला आणि १९४० मध्ये त्यानं कम्युनिटी सर्व्हिस नावाची संस्था काढली. चांगली माणसं आणि चांगल्या सवयी लहान गावात तयार होतात, शहरं त्या नुसत्या वापरून संपवतात, हा त्याचा धोशा.

आता सेवा. विजेचे खांब आणि तारा गावाच्या. वीज घाऊक घ्यायची आणि आपण वाटायची. पाणी गावाच्या विहिरींचं. शुद्धीकरण केंद्र जुनं झालं तेव्हा शेजारच्या स्प्रिंगफील्डकडून पाणी विकत घ्यायचं का यावर खल झाला, शेवटी स्वतःचं नवं केंद्र बांधलं. आग आणि अँब्युलन्स मात्र मायामी टाउनशिपकडे, म्हणजे गाव ज्यात येतं त्या मोठ्या स्थानिक प्रशासनाकडे. गावाचं साप्ताहिक वर्तमानपत्र १८८० पासून चालू. घरं परवडेनाशी झाली म्हणून जमीन ट्रस्टची आणि घर तुमचं, अशी सोय एका संस्थेनं केलीय. हे सगळं पाच जणांच्या कौन्सिलसमोर तासन्‌तास भांडून ठरतं, आणि ती भांडणं मला गावातल्या कुठल्याही दुकानापेक्षा बघण्यासारखी वाटतात.

इतिहास धावता सांगतो. १८२५ मध्ये ओवेनवाद्यांनी, म्हणजे सहकारी समाजाचं स्वप्न बघणाऱ्या रॉबर्ट ओवेनच्या अनुयायांनी तिथे सामायिक मालकीची वसाहत काढली, ती लगेच मोडली. १८५३ मध्ये अँटिऑक सुरू झालं, पहिला अध्यक्ष शिक्षणसुधारक होरेस मान, मुलामुलींना एकच अभ्यासक्रम. १८६२ मध्ये गुलामगिरीविरोधी धर्मोपदेशक मॉनक्युअर कॉन्वेनं व्हर्जिनियातल्या आपल्या वडिलांकडच्या गुलामीतून निसटलेल्या तीसेक माणसांना इथे आणून वसवलं. लगेच टाळ्या नकोत. याच गावात एक न्हावी कृष्णवर्णीयांचे केस कापायला नकार देत राहिला, त्याच्या दुकानासमोर वर्षानुवर्षं निदर्शनं झाली, आणि १४ मार्च १९६४ रोजी अश्रुधूर सुटला, शंभरावर लोकांना अटक झाली. कॉलेज २००८ मध्ये बंद पडलं, माजी विद्यार्थ्यांनी २०११ मध्ये पुन्हा उघडलं.

शेवटचं, मग उतरतो. भारतातल्या विद्यापीठीय शिक्षणाचा विचार करणाऱ्या १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगावर हा मॉर्गन सदस्य होता. अहवालातला ग्रामीण विद्यापीठांचा भाग त्याच्या विचारांचा. पुढे १९५६ मध्ये देशात ज्या ग्रामीण संस्था सुरू झाल्या, त्यांतल्या दोन आजच्या महाराष्ट्रातल्या, एक अमरावतीची आणि दुसरी शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईकांच्या मौनी विद्यापीठाची, कोल्हापूर जिल्ह्यात भुदरगड तालुक्यातल्या गारगोटीला. भुदरगडकडचं कुणी आलं असेल तर चहाला मला गाठा. तुमच्या घरातलं कुणी त्या सुरुवातीच्या वर्षांत तिथे शिकलं असेल, तर मला त्यांच्याशी फोनवर बोलायचंय.