पंचनामा आता मोबाइलवर

नमस्कार, श्रोतेहो. 1 जुलै 2024 पासून देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात जुना आणि नवा असे दोन्ही फौजदारी कायदे शेजारी शेजारी नांदताहेत. 30 जूनला खून झाला असेल तर भारतीय दंड संहितेचं कलम 302, दुसऱ्या दिवशी झाला असेल तर भारतीय न्याय संहितेचं 103. फिर्याद आज आली तरी गुन्हा कधी घडला, त्यावर कलम ठरतं. म्हणजे ठाणे अंमलदाराला 1860 सालची ती 511 कलमं इतक्यात विसरता येणार नाहीत. नवी 358 आहेतच.

चर्चा झाली ती याच आकड्यांची. माझ्या मते पोलिसांचं काम खरं बदललं ते सोबत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, म्हणजे तपास, अटक, झडती कशी करायची ते ठरवणाऱ्या कायद्याने. पंचनाम्याचंच घ्या. झडती व्हायची, पंच सह्या करायचे, आणि काही वर्षांनी तेच पंच कोर्टात सांगायचे, "सही माझीच साहेब, पण कागदावर काय लिहिलंय ते मला माहीत नाही." पंच फितूर, खटला ढिला. आता कलम 105 प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावंच लागतं, तेही शक्यतो मोबाइलवर, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावं लागतं. यात आरोपीचंही हित आहे. मुद्देमाल मागाहून 'सापडवणं' तितकं सोपं राहिलेलं नाही.

पण नुसतं चित्रीकरण करून भागत नाही. तो इलेक्ट्रॉनिक पुरावा. पुराव्याचा नवा कायदा असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली त्याला प्रमाणपत्र लागतं, त्यात उपकरणाचा तपशील आणि फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झाला तर बदलणारा तिचा डिजिटल ठसा, भरावं लागतं. हे सगळं बंदोबस्तावरून थकून आलेल्या तपास अधिकाऱ्यानेच निस्तरायचं.

न्यायवैद्यक तज्ज्ञांचं गणित तर आणखी अवघड. 7 वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात त्यांनी घटनास्थळी जायलाच हवं. ऐकताना वाटतं, खून-दरोडेच असतील. पण राहत्या घरातल्या चोरीला 7 वर्षांपर्यंत शिक्षा आहे, फसवणूक करून मालमत्ता लाटण्यालाही तेवढीच. एवढी माणसं आणायची कुठून? राज्यांना यासाठी 5 वर्षांची मुदत मिळाली आहे, ती उगाच नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकते. पोलीस कोठडीचे 15 दिवस पूर्वी अटकेनंतरच्या पहिल्या पंधरवड्यातच घ्यावे लागत. आता ते गुन्ह्यानुसार पहिल्या 40 किंवा 60 दिवसांत तुकड्या-तुकड्याने मागता येतात. तेवढे दिवस आरोपीच्या जामिनावर टांगती तलवार राहणार.

फिर्यादीच्या पदरात काय पडलं? गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, ठाण्याला तो नोंदवून घ्यावाच लागतो, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. शिवाय तपास कुठवर आला ते 90 दिवसांत पोलिसांनी कळवायचं आहे, मोबाइलवर संदेश पाठवला तरी चालतं. नाही कळवलं तर काय, याबद्दल त्या कलमात चकार शब्द नाही.