कच्च्या कैद्याची फाइल: विधी विद्यार्थ्यांचे चार आठवडे

[दृश्य: तुरुंगातली मुलाखतीची खोली. लांब टेबल. दोन विद्यार्थी, समोर छापील तक्ता आणि पेन.]

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांप्रमाणे कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला इंटर्नशिप करावीच लागते. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आठवडे, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 20. पण कोणत्याही एका वर्षी सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत बरेच जण मोठ्या वकिलांच्या चेंबरची वाट धरतात. काही जण गरीब कैद्यांना कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेत येतात. हा माहितीपट त्या चार आठवड्यांचा आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती. त्यातली 4,34,302 न्यायाधीन बंदी, म्हणजे बोलीभाषेतले कच्चे कैदी. शंभरातले जवळजवळ 76. यांच्यावरचा खटला अजून संपलेला नाही, कित्येकांचा तर सुरूही झालेला नाही.

[दृश्य: तुरुंगाचं फाटक. रजिस्टरमध्ये सही.]

इथलं काम सुट्टीआधीच सुरू होतं. तुरुंगात जायला परवानगी लागते. त्यासाठी कॉलेजचं पत्र, ओळखपत्राची प्रत, संस्थेचा अर्ज आणि पुष्कळदा पोलीस पडताळणी. ही कागदपत्रं पहिल्या दिवशी गोळा करायला घेतली तर चारातले दोन आठवडे बाहेरच जातात. मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून आतलं सगळं काम कागदावर चालतं.

पहिल्या भेटीत पहिलं वाक्य ठरलेलं असावं: "वकील मोफत मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही." विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा. त्याच्या कलम 12 प्रमाणे कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बराकीत हे सगळ्यांना माहीत असेल, असं धरून चालू नये. आणि समोरचा कोणत्याही वयाचा असो, कोणत्याही कलमाखाली असो, बोलणं 'तुम्ही' म्हणूनच.

काय विचारायचं नाही, तेही आधी ठरवावं. "तुम्ही हे केलंत का?" हा प्रश्न इंटर्नचा नाही. दोन हातांवर शिपाई उभा असतो, शेजारच्या खुर्चीवर दुसरा बंदी बसलेला असतो. गुन्ह्याची हकिकत वकिलासमोर, एकांतात. इंटर्नने तारखा आणि नंबर विचारायचे.

[दृश्य: तक्त्याचा जवळून शॉट. रकाने एकेक करून उजळतात.]

पोलीस ठाणं, गुन्हा रजिस्टर नंबर आणि साल. कलमं. अटकेची तारीख. पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं ती तारीख. कोर्ट. पुढची तारीख. घरच्यांचा फोन नंबर. हे रकाने सोपे दिसतात, घोळ मात्र प्रश्नाच्या शब्दांत होतो.

"वकील आहे का?" असं विचारलं की उत्तर येतं, आहे. "वकील शेवटचे कधी भेटले?" असं विचारलं की कळतं, कधीच नाही. "आधी केस होती का?" आणि "आधी शिक्षा झाली होती का?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांच्या उत्तरांवर सुटकेची तारीख बदलते. ते पुढे येईलच.

वय विचारताना जन्मतारीख विचारावी, आणि गुन्हा घडला त्या दिवशी वय किती होतं ते काढावं. त्या दिवशी 18 पूर्ण नसतील तर तो माणूस बाल न्याय मंडळासमोर असायला हवा. 2015 च्या बाल न्याय कायद्यात हा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर मांडता येतो. पुराव्याचा क्रमही कायद्यातच आहे: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तोही नसेल तरच हाडांची वैद्यकीय चाचणी. म्हणून शाळेचं नाव आणि गाव लिहून घ्यायला अर्धं मिनिट जास्त लागलं तरी चालेल.

[दृश्य: कोर्टाची पायरी. फायलींचे गठ्ठे.]

दुसरं ठिकाण कोर्ट. बंद्याने सांगितलेली माहिती इथे पडताळायची. अनेकांची हजेरी व्हिडिओवर होते, स्क्रीनवर चेहरा दिसतो, तारीख सांगितली जाते, मध्ये काय झालं ते त्यांना समजलेलं नसतं. ई-कोर्ट्सवर, म्हणजे कोर्टांच्या सरकारी संकेतस्थळावर, खटल्याचा 16 अक्षरी सीएनआर (ओळख) नंबर असला की खटला लगेच सापडतो. नसला तर नावाने शोधावं लागतं आणि तिथे स्पेलिंग दगा देतं. एकाच आडनावाचे तीन प्रकार करून बघावेत. दोषारोपपत्र, म्हणजे तपास संपल्यावर पोलीस कोर्टात देतात तो अहवाल, दाखल झालेलं नसेल तर संकेतस्थळावर काहीच न दिसणं शक्य आहे. तेव्हा गुन्हा नंबर घेऊन बेंच क्लार्ककडे जायचं आणि रिमांडचे (कोठडीच्या आदेशाचे) कागद, रोजनामा (प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद) बघायची विनंती करायची. नकलेच्या अर्जावर सही वकिलाची. वकालतनामा (वकील नेमल्याचा कागद), अर्ज, युक्तिवाद यांतलं काहीही इंटर्न स्वतःच्या नावाने करू शकत नाही. 1961 च्या अधिवक्ता कायद्याने तो अधिकार फक्त सनद असलेल्यांना दिला आहे.

आता दिवस मोजणं. चार आठवड्यांत याहून मोलाचं काम विद्यार्थ्याच्या हातून क्वचितच होतं.

[दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर. बोट तारखांवरून सरकतं.]

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम 187 प्रमाणे पोलिसांनी ठरलेल्या मुदतीत दोषारोपपत्र दिलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा अधिक शिक्षेचा गुन्हा असेल तर 90 दिवस, इतर गुन्ह्यांत 60. मोजणी अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडपासून. आणि रिमांडचा तो दिवसही धरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये स्पष्ट केलं. समजा, पहिला रिमांड 5 जूनला झाला. जूनचे 26 दिवस, जुलैचे 31, झाले 57. साठावा दिवस 3 ऑगस्ट. 4 ऑगस्टला सकाळी वकिलाचा अर्ज कोर्टात हवा, कारण अर्जाआधी दोषारोपपत्र आलं तर हा हक्क जातो. अर्ज आधी गेला तर नंतर आलेल्या दोषारोपपत्राने तो हिरावला जात नाही. इथे एका दिवसाची चूक म्हणजे एका माणसाचे महिने. ज्या कलमात शिक्षा 'दहा वर्षांपर्यंत' असं लिहिलं आहे, तिथे 60 की 90 हे इंटर्नने स्वतः ठरवू नये. तक्त्यावर लाल खूण करून त्याच दिवशी वकिलाला दाखवावं.

दुसरी मोजणी त्याच संहितेच्या कलम 479 ची. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कोठडीत गेला असेल तर जामिनावर सुटका. पूर्वी कधीही दोषी ठरला नसेल तर एक तृतीयांश काळ पुरेसा. साधी चोरी, कमाल तीन वर्षे: पहिल्यांदाच आलेल्यासाठी 12 महिने, इतरांसाठी 18. घरातली चोरी, कमाल सात वर्षे: 28 महिने आणि 42 महिने. आधीच्या केसमध्ये निर्दोष सुटलेला माणूस 'पहिल्यांदाच'च्या रकान्यात बसतो, म्हणून मघाचा तो प्रश्न. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याला हे कलम लागू नाही. एकाहून अधिक गुन्हे किंवा खटले प्रलंबित असले तरी अडचण येते. संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली, पण त्याआधीच्या प्रकरणांतल्या बंद्यांनाही हे कलम लागू होतं, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2024 मध्ये सांगितलं. असा अर्ज कोर्टाकडे पाठवणं ही तुरुंग अधीक्षकांची जबाबदारी आहे. इंटर्नने केलेली यादी त्यांच्या टेबलावर पोचली की ती जबाबदारी पार पाडणं सोपं होतं.

[दृश्य: मुलाखतीच्या जाळीमागे हात.]

आणि मग ती माणसं, ज्यांना जामीन मिळालेला आहे आणि तरी जी आत आहेत. तक्त्यात हा रकाना वेगळा हवा, कारण अनेकदा बंद्याला आपला जामीन झालाय हेच माहीत नसतं.

आदेशात रक्कम आणि जामीनदार लिहिलेला असतो. जामीनदाराकडे ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, पगाराची चिठ्ठी किंवा घरपट्टीची पावती नाहीतर सातबारा मागतात. रोजंदारीवरच्या कुटुंबात असा माणूस कुठून आणायचा? 1978 साली मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीन मागितला होता आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भाऊ जामीनदार नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या हमीवर, त्याला सोडायला सांगितलं. तरीही स्थानिक जामीनदाराचा आग्रह आजही भेटतो.

31 जानेवारी 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांत यावर पायऱ्या आहेत. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंगाला ईमेलने जावी. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं. महिन्याभरात जामीन भरला गेला नाही तर कोर्ट स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं. इंटर्नने यातल्या प्रत्येक पायरीची तारीख लिहायची आणि कुठे थांबलंय ते शोधायचं. मग वकील रक्कम कमी करण्याचा, जातमुचलक्याचा, किंवा आधी रोख भरून काही आठवड्यांत जामीनदार देण्याचा अर्ज करतात. कधी अडथळा अगदी बारीक असतो: आदेशात वडिलांचं नाव चुकलेलं, किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याचं वॉरंट तुरुंगात आधीच येऊन पडलेलं. नातेवाइकांनी पैसे जमवून एक जामीन भरावा आणि माणूस दुसऱ्या केसमध्ये आतच राहावा, यासारखं वाईट काही नाही. म्हणून पैसे भरण्याआधी सगळ्या केसेस तपासायच्या.

कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन जामीनदार पुरवणारे भेटतात. इंटर्नने त्यांच्याशी बोलू नये, कुटुंबाचे पैसे हातात घेऊ नयेत, फिर्यादीला फोन करू नये. आणि "सोमवारी सुटाल" असं कधीही म्हणू नये. आत बसलेला माणूस त्या सोमवारवर आठवडा काढतो.

[दृश्य: संस्थेचं कार्यालय. तक्ते फायलींत लावले जात आहेत.]

चौथ्या आठवड्याच्या शेवटच्या तीन दिवसांत नवीन मुलाखत घेत नाहीत. इंटर्न जातो, खटला राहतो. फोनमध्ये किंवा डोक्यात राहिलेली माहिती त्या बंद्याच्या काहीच कामाची नाही. 'पाठपुरावा चालू' अशी नोंद पुढच्या माणसाला काही सांगत नाही, ती खोडून पुन्हा लिहायला लावतात. प्रत्येक तक्त्याच्या तळाशी तीन गोष्टी हव्यात: पुढे काय, कोण करणार, कोणत्या तारखेला.

[दृश्य: एका तक्त्याचा तळ. निळ्या शाईतलं अक्षर वाचता येतं.]

"जामीन मंजूर, जामीनदार नाही. बहिणीला फोन झाला, ती घरपट्टीची पावती घेऊन येणार. पावती भाड्याच्या घराची निघाली तर जातमुचलक्याचा अर्ज तयार आहे, वकिलांची सही बाकी. पुढची तारीख 14 जून. बंद्याला 12 तारखेच्या भेटीत सांगायचं."