चौरस स्क्रीन, काळ्या पट्ट्या

नमस्कार, श्रोतेहो. फोन आडवा धरून व्हिडिओ लावला की दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या दिसतात. फोन बिघडलेला नसतो. स्क्रीनचा आकार आणि व्हिडिओचा आकार जुळत नाही, एवढंच.

याचा अर्क पाहायचा तर २०१४ सालचा ब्लॅकबेरी पासपोर्ट हा फोन आठवावा. स्क्रीन चक्क चौरस! १४४० पिक्सेल रुंद, १४४० उंच, आणि खाली बटणांचा कीबोर्ड. ईमेल, तक्ते वाचायला ऐसपैस. पण व्हिडिओ बहुतेक १६ बाय ९, म्हणजे रुंदी १६ भाग तर उंची ९ भाग. रुंदी १४४० म्हटली की उंची आली ८१०. उरले ६३० पिक्सेल काळे: वर ३१५, खाली ३१५. अशा वेळी आपला हात आपसूक फोन आडवा करतो. करा आडवा! चौरस आडवा केला तरी चौरसच. चित्र तसूभर वाढत नाही, उलट कीबोर्ड कडेला येऊन बसतो. उंच स्क्रीन धरून बनवलेल्या ॲपला स्क्रोल नसेल, तर त्याचं खालचं बटण दिसायचंच नाही. कीबोर्ड मात्र झकास होता. बटणं गेली आणि न बघता टाइप करण्याचं सुख गेलं, असं माझं ठाम मत आहे. असो.

दुमडणाऱ्या फोनची आतली स्क्रीनही जवळजवळ चौरस असते, तिथं आजही हेच घडतं.

आता नेहमीचा २० बाय ९ फोन घ्या: १०८० बाय २४००. आडव्या स्क्रीनवर व्हिडिओ १९२० पिक्सेल रुंद बसतो, दोन्हीकडे २४० काळे. दोन बोटं फाकवली की स्क्रीन भरते, पण चित्राचा पाचवा हिस्सा वर-खाली कापला जातो. पुन्हा सांगतो, पाचवा हिस्सा! चित्रातच छापलेली सबटायटल्स आणि सामन्याचा स्कोअर नेमके तिथंच असतात. ते हवे असतील तर चिमटीनं व्हिडिओ परत लहान करा.

स्क्रीनमध्ये कॅमेऱ्यासाठी कापलेल्या खाचेचं काय? खाच कुठं आहे हे ॲपला कळण्याची सोय अँड्रॉइडमध्ये २०१८ साली, नवव्या आवृत्तीत आली. जुन्या ॲपचं बटण खाचेखाली अडकलं, तर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये कॅमेऱ्याची पट्टी काळी करण्याचा पर्याय शोधा. बऱ्याच फोनमध्ये तो प्रत्येक ॲपसाठी वेगळा मिळतो. जुनं ॲप जबरदस्तीनं फुल स्क्रीन केल्यावर एखादं बटण गायब झालं, तर त्या एकाच ॲपचं सेटिंग मागं घ्या.