बडोद्याचा गॅस आणि दूरदेशची थंडी

नमस्कार श्रोतेहो.

बडोद्याच्या घरांत पाइपगॅस १९७२ सालापासून येतो. तेव्हा तो गुजरातच्याच जमिनीतला होता. आज देशाला लागणाऱ्या गॅसपैकी जवळजवळ निम्मा परदेशातून जहाजाने येतो. म्हणून बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या भट्टीचा खर्च जपान-कोरियातल्या थंडीवरही ठरतो, कारण तिकडेही हीच जहाजं लागतात.

उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला की गॅसचा द्रव होतो आणि त्याचं आकारमान सुमारे ६०० पटींनी घटतं. यालाच एलएनजी म्हणतात. भरूच जिल्ह्यात दहेजला कतारचं पहिलं जहाज २००४ मध्ये लागलं. मोठ्या जहाजात पावणेदोन लाख घनमीटर द्रव मावतो, त्याचा साधारण १० कोटी घनमीटर गॅस होतो. देशाची रोजची गरज १८ ते २० कोटी घनमीटर, म्हणजे एवढं अजस्र जहाज जेमतेम अर्धा दिवस पुरतं.

आपली खरी अडचण साठ्याची आहे. युरोपात जमिनीखालच्या पोकळ्यांत आणि रिकाम्या झालेल्या गॅसक्षेत्रांत महिनोन्‌महिने पुरेल असा गॅस उन्हाळ्यात भरून ठेवतात. आपल्याकडे तसे भूमिगत साठे नाहीत. किनाऱ्यावरच्या टाक्या आणि पाइपलाइनमध्ये दाबाखाली राहिलेला गॅस, एवढंच. त्यामुळे स्वस्ताईत घेऊन ठेवणं जमत नाही, आणि टंचाईत मागतील तो भाव द्यावा लागतो. २०२० च्या उन्हाळ्यात आशियातला हजर भाव, म्हणजे दीर्घ कराराविना लगेच घ्यायच्या गॅसचा भाव, एमएमबीटीयूला (गॅसची उष्णता मोजायचं एकक) २ डॉलरच्या आसपास होता. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तोच ५० डॉलरच्या वर गेला, कारण रशियाचा गॅस आटल्यावर युरोप मिळेल ते जहाज उचलत होता. मोरबीच्या टाइल्स कारखान्यांनी तेव्हा प्रोपेनची, म्हणजे स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्यासारख्या वायूची, वाट धरली.

पुढे काय? अमेरिका २०२३ पासून एलएनजीची सर्वांत मोठी निर्यातदार आहे आणि टेक्सास-लुइझियानाच्या किनाऱ्यावर नवे प्रकल्प उभे राहत आहेत. कतारने वर्षाला ७.७ कोटी टनांची क्षमता टप्प्याटप्प्याने १४.२ कोटी टनांवर नेण्याचं ठरवलं आहे. या दशकाच्या उत्तरार्धात पुरवठा मागणीच्या पुढे जाईल, असं मला वाटतं. पण भाव सरळ रेषेत उतरणार नाहीत. असे प्रकल्प रखडतात, आणि कतारच्या प्रत्येक जहाजाला होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतूनच बाहेर पडावं लागतं. दुसरं असं की, भाव पडले की आपल्याकडे बंद पडलेली गॅसवरची वीजकेंद्रं चालू होतात आणि कारखाने प्रोपेन सोडून परततात. स्वस्त गॅसला गिऱ्हाईक लगेच मिळतं, म्हणून भाव फार खाली टिकत नाही.

घरगुती ग्राहकांचं गणित वेगळं. देशातल्या जुन्या क्षेत्रांच्या गॅसचा भाव एप्रिल २०२३ पासून कच्च्या तेलाच्या भावाच्या १० टक्के धरतात. एमएमबीटीयूला खाली ४ डॉलर, वर ६.५ डॉलरची मर्यादा, वरची २०२५ मध्ये ६.७५ झाली. हा गॅस आधी घरांना आणि सीएनजीला. पण जुन्या विहिरींचं उत्पादन घटतं आहे आणि सीएनजीच्या गाड्या वाढताहेत. कमी पडलेला हिस्सा महागड्या गॅसने भरतात, म्हणून मर्यादा असूनही बिल हळूहळू चढतं.

आता छोट्या कारखानदारांसाठी. रोज १,००० घनमीटर गॅस लागत असेल तर तो सुमारे ३८ एमएमबीटीयू होतो. भाव एका डॉलरने हलला की महिन्याला साधारण १ लाख रुपयांचा फरक पडतो. गॅस जीएसटीत नाही, त्यामुळे त्यावरच्या व्हॅटची वजावट जीएसटीत मिळत नाही. भट्टीचा खर्च काढताना हे विसरू नका. करारात ‘टेक ऑर पे’चं कलम आधी वाचा. गॅस उचलला नाही तरी ठरलेल्या प्रमाणाचे पैसे द्यावे लागतात, आणि दिवाळीच्या सुट्टीत नेमका तिथेच फटका बसतो. म्हणून वर्षभर नक्की जळेल तेवढाच गॅस करारात बांधा. वरचा हजर बाजारातून घ्या.

प्रोपेन पर्याय म्हणून ठेवणार असाल तर बर्नरकडे लक्ष द्या. एक घनमीटर प्रोपेनमध्ये नैसर्गिक वायूच्या जवळपास अडीचपट उष्णता असते. त्याच नोझलमधून, त्याच हवेवर ते सोडलं तर ज्योत पिवळी पडते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. नोझल बदला, हवेचं प्रमाण नव्याने लावून घ्या, नाहीतर प्रोपेन-हवा मिश्रणयंत्र बसवा. हे काम पुरवठा तुटल्याच्या दिवशी होत नाही, महिनाभर आधी चाचणी घ्या.

करार कधी करावा? कडक थंडी आणि कडक उन्हाळा यांच्या मधल्या महिन्यांत, म्हणजे मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, भाव बहुधा सैल असतात. शरदात युरोपचे साठे किती भरले, ते बघत राहा. ते अर्धवट असतील तर हिवाळ्याचा गॅस दिवाळीआधीच बांधून घ्या.