वाड्याचं नूतनीकरण: भिंत पाडण्याआधी खांब बघा

नमस्कार मंडळी! जुना वाडा नव्याने करायला घेतला की पहिला प्रश्न हमखास येतो, "कुठली भिंत पाडायची?" मोठा हॉल हवा असतो, ओपन किचन हवं असतं. पण त्याआधी वाडा उभा कशावर आहे ते बघू.

पेशवाई धाटणीच्या वाड्यात आतला भार पेलतात सागवानी खांब आणि तुळया. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. आतल्या बऱ्याचशा भिंती या खणांमधली नुसती भर असतात. म्हणजे तुम्हाला हवाय तो मोकळा हॉल सांगाड्यात आधीच आहे! वाटण्यांच्या वेळी घातलेले आडोसे काढले की तो दिसायला लागतो. बाहेरच्या जाड भिंतींना मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात लावू नका. आणि कोकणातलं चिऱ्याचं घर असेल तर हे गणित विसरा, तिथे भिंतच भार घेते.

(कॅमेरा खांबाच्या पायथ्याशी)

इथे नीट बघा. खांब जमिनीत पुरलेला नाही, तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडी बैठकीवर, उभा आहे. लाकडाला ओल लागू नये म्हणून. पुढे कुणीतरी कोबा करतं, वर टाइल्स बसवतं आणि तळखडा गडप होतो. मग रोज फरशी पुसली की पाणी थेट खांबाच्या बुडात. स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. भुसभुशीत लागलं तरी अख्खा खांब बदलायची घाई नको. जाणता सुतार टेकू देऊन कुजका भाग कापतो आणि सागवानाचा सांधा देतो.

सिमेंटचा गिलावा? माझं स्पष्ट मत, नको. माती-चुन्याची भिंत ओल घेते तशी सोडतेही. सिमेंटने ती कोंडली की क्षार फुटतात, पोपडे निघतात. चुन्याचाच गिलावा करा. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, तेवढा वेळ धरूनच चला.

आता नवं डिझाइन. बाथरूम जुन्या भिंतीत कोंबू नका, स्टीलच्या सांगाड्यात वेगळं उभारा आणि ते नवं आहे हे खुशाल दिसू द्या. जुन्या वास्तूंच्या जतनासाठीची १९६४ ची आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदही हेच सांगते: नव्या कामावर आजच्या काळाचा ठसा हवा. फायबरच्या नकली महिरपींपेक्षा साधं, सरळ स्टील मला कितीतरी प्रामाणिक वाटतं.

वाड्याच्या मधल्या उघड्या चौकावर काच टाकणार असाल तर ती भिंतींपासून थोडी उचलून बसवा आणि चारही बाजूंनी फट ठेवा. घरातली गरम हवा तिथूनच बाहेर पडते.