तंतू धरणारी पकड

दोन ऑप्टिकल फायबर टोकाला टोक लावून ठेवली की प्रकाश एकातून दुसऱ्यात जातो, हे आपण सगळे जाणतो. अडचण आहे ती नेमकं समोरासमोर ठेवण्याची. दूरसंचारात सर्रास वापरल्या जाणाऱ्या सिंगल-मोड फायबरचा बाहेरचा व्यास १२५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि प्रकाश ज्यातून वाहतो तो गाभा जेमतेम ८-९ मायक्रॉनचा. १ मायक्रॉन इकडेतिकडे झालं तर ३-४ टक्केच प्रकाश वाया जातो. ५ मायक्रॉन सरकलं की निम्म्याहून जास्त गेला. समोर लेसरची चिप असेल, तिच्या प्रकाशाचा ठिपका दोन-अडीच मायक्रॉनचाच असेल, तर १ मायक्रॉनची चूकसुद्धा निम्म्याच्या आसपास प्रकाश खाते.

मग करतात काय? लेसर चालू ठेवून फायबर हळूहळू सरकवतात, जास्तीत जास्त प्रकाश मिळाला की तिथेच इपॉक्सीचा, म्हणजे घट्ट होणाऱ्या डिंकाचा थेंब. पण इपॉक्सी घट्ट होताना आकसतं. २० मायक्रॉनचा थर २ टक्के आकसला तर ०.४ मायक्रॉन तिथेच गेले. शिवाय एकेक जोड असा हाताने जुळवायचा म्हणजे वेळ आणि पैसा.

म्हणून दुसरा मार्ग: फायबर आपोआप योग्य जागी बसेल अशी खाच, आणि त्याला तिथे दाबून धरणारी पकड. आधी जागा ठरवणाऱ्याकडे पाहू. तो आहे सिलिकॉनचा स्फटिक. त्याची पातळ चकती, म्हणजे वेफर, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या गरम द्रावणात ठेवली की काही प्रतलं भराभर कोरली जातात आणि काही जवळपास तशीच राहतात. त्यामुळे व्ही-आकाराची खाच तयार होते, तिच्या भिंती पृष्ठभागाशी ५४.७४ अंशांचा कोन करतात. हा कोन कोणी कारागिराने साधलेला नाही, अणूंच्या रचनेतून आलेला आहे. फायबर त्या दोन भिंतींना टेकलं की त्याचं केंद्र खाचेच्या तळापासून त्रिज्येच्या १.७३ पट उंचीवर बसतं. व्यास ०.७ मायक्रॉनने वाढला तर केंद्र सुमारे ०.६ मायक्रॉन वर चढतं, म्हणून फायबर बनवणाऱ्यांची शिस्तही इथे तितकीच मोलाची.

आता पकड. मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते, की पकड अचूक असण्याची गरजच नाही. तिने फक्त खाली दाबायचं, जागा भिंती ठरवतात. वेफरवर सिलिकॉन नायट्राइडचा पातळ थर द्यायचा, त्यात खाचेच्या दोन्ही कडांवरून आत येणाऱ्या पट्ट्या आखायच्या. हेच द्रावण पट्ट्यांच्या उघड्या कोपऱ्यांखालून सिलिकॉन खात जातं, नायट्राइडला मात्र हात लावत नाही. काम संपतं तेव्हा खाच तयार असते आणि पट्ट्या तिच्यावर अधांतरी.

गणित करून पाहू. समजा खाच १६० मायक्रॉन खोल आहे. फायबरचा माथा तळापासून सुमारे १७१ मायक्रॉनवर येतो, म्हणजे पट्टीला दहाएक मायक्रॉन वर वाकावं लागतं. १ मायक्रॉन जाड, ५० रुंद आणि १०० मायक्रॉन लांब पट्टी घेतली तर दाब येतो ३० मायक्रोन्यूटनच्या आसपास. एक सेंटीमीटर उघड्या फायबरचं वजन त्याच्या दहाव्या हिश्शाइतकं. ताण ०.१५ टक्के, म्हणजे पट्टी तुटायची नाही. जाडी दुप्पट केली तर दाब आठपट होतो आणि ताण फक्त दुप्पट. लांबी, जाडी हे आकडे इथे खऱ्या अर्थाने हातात असतात. खोलीच्या तापमानाला सिलिकॉन आणि सिलिकॉन नायट्राइड धातूसारखे कायमचे वाकत नाहीत, एक तर पूर्ण परत येतात नाहीतर मोडतात. एकदा न मोडलेली पकड म्हणूनच विश्वासाची.

स्वीडनमध्ये उप्साला विद्यापीठात कॅरोला स्ट्रँडमन आणि इल्वा बेकलुंड यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अशा लवचीक पकडींवर काम केलं. त्यांनी पकड सिलिकॉनचीच केली, हे मला फार आवडतं. पकड आणि खाच एकाच पदार्थाची, तापमान बदललं तरी दोन्ही सारखीच फुगणार.

धुळीचं सांगायलाच हवं. भिंत आणि फायबर यांच्यामध्ये १ मायक्रॉनचा कण अडकला तर स्फटिकाची सगळी अचूकता फुकट. त्यामुळे आवरण काढलेलं फायबर पुसूनच आत घालायचं.

आणि ओढाताण? लांबीच्या दिशेने कोणी फायबर ओढलं तर ३० मायक्रोन्यूटनच्या दाबाने ते थांबणार नाही, सरळ निसटेल. इपॉक्सी तिथे लागतंच. पण ते लावायचं मागे, काही मिलिमीटर दूर, फायबरच्या प्लॅस्टिकच्या आवरणावर. तिथे ते कितीही आकसलं तरी पुढचं टोक खाचेतच राहतं.