पावसाळ्याचं काम मे महिन्यातच

बसा मंडळी, मागे जागा आहे अजून, या ताई तुम्ही पुढे या. पारा ४५ च्या वर असताना तुम्ही गावावरून नागपूरपर्यंत आलात, म्हणून उगाच लांबण लावत नाही. विषय ढोरांच्या हंगामी आजारांचा आहे, पण मी आज उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्यावरच जास्त बोलणार. ढोर आजारी पडतं जुलैत, पण ते वाचणार की नाही हे बरेचदा मे महिन्यातच ठरून गेलेलं असतं.

उमरेडकडच्या एका गावातली गोष्ट सांगतो, बरीच वर्षं झाली. जुलैचा महिना, दोन दिवसांची झड लागलेली, रात्री साडेदहाला फोन आला. गेलो तर दुसऱ्या वेताची म्हैस मान लांब करून उभी, तोंडातून लाळ, गळ्याखाली ही एवढी सूज, हात लावला तर गरम आणि टणक, आणि श्वासाची घुरघुर कोठ्याच्या बाहेर अंगणात ऐकू येत होती. ताप पाहिला, १०७. घरची ताई कंदील धरून उभी होती, म्हणाली, "डॉक्टरसाहेब, सकाळी तर दूध देल्लं जी तिनं, फक्त ढेपीले तोंड नाही लावलं." ढोरांचा घटसर्प, म्हणजे गळा सुजण्याचा हा आजार, असाच येतो, सकाळी ढेप सोडते आणि रात्री घुरघुर सुरू होते. माझ्याकडं होती ती सगळी औषधं दिली, पहाटेपर्यंत तिथेच बसलो, पण साडेचारच्या सुमारास म्हैस गेली.

त्या गावात मे महिन्यात लस टोचायला मीच गेलो होतो. या घरी नको म्हणाले, दूध कमी होते म्हणून. मी पुढच्या घरी निघून गेलो, पाच मिनिटं बाजेवर बसून नीट समजावून सांगितलं नाही, ते मला आजपर्यंत लागून राहिलंय. म्हणून आज सांगतो, दूध उतरतं हे खरं आहे, दोनचार दिवस थोडं उतरतं, टोचल्या जागी गाठही येते कधीकधी, पण दूध परत चढतं. म्हैस गेली की सगळंच गेलं.

आता मे च का, तर लस टोचली की ती त्याच दिवशी काम करत नाही, अंगात ताकद तयार व्हायला दोनतीन आठवडे लागतात. मृग लागल्यावर, शेजारच्या गावात ढोर मेल्यावर जी धावपळ होते ना, तोवर उशीर झालेला असतो. घटसर्प आणि फऱ्या दोन्हीची लस आत्ताच घ्या. फऱ्या तर सहा महिने ते दोन वर्षांच्या गोऱ्ह्या-कालवडींना धरतो, आणि तेही चांगल्या अंगाच्या, खाऊनपिऊन टुमटुमीत. मांडीवर सूज येते, दाबली की आत कागद चुरगाळल्यासारखी करकर वाजते. असं ढोर मेलं तर फाडू नका, कातडं काढू नका, खोल पुरा आणि वर चुना टाका, कारण त्याचे जंतू मातीत वर्षानुवर्षं राहतात आणि पुढच्या पावसात तिथेच चरणाऱ्याला धरतात.

मेंढ्या-बकऱ्यावाल्यांनो, तुमचं वेगळं आहे. पहिला पाऊस झाला, कोवळं लुसलुशीत गवत आलं, कळप आधाशासारखा चरतो, आणि सकाळी पाहावं तर कळपातलं सगळ्यात तेजदार कोकरू मरून पडलेलं, लोक म्हणतात नजर लागली. नजर नाही भाऊ, तो आंत्रविषार आहे. नवा चारा एकदम पोटभर मिळाला की आतड्यातले जंतू बेसुमार वाढून विष करतात, आणि जे जास्त खाते तेच आधी जाते. त्याची लसही पावसाच्या आधीच, आणि पहिले काही दिवस थोडा कोरडा चारा पोटात घालूनच चरायला सोडा. पीपीआरची, म्हणजे मेंढ्या-बकऱ्यांच्या प्लेगची, लस एकदा घेतली की साधारण तीन वर्षं पुरते, ज्यांची राहिली असेल त्यांनी दवाखान्यात विचारा.

गोचिडाचं बोलतो, कारण इथं सगळे चुकतात. आपण ढोराच्या अंगावरचे वेचतो, औषध लावतो, आणि आठ दिवसांनी परत तेच. अहो, जेवढे अंगावर दिसतात त्याच्या कितीतरी पट भिंतीच्या भेगांत, गव्हाणीखाली, खुंट्याच्या बुडाशी असतात, एक मादी खाली पडून हजारांनी अंडी घालते. त्यामुळे भेगा बुजवा, फवारा कोठ्यावरही मारा, औषधाचं प्रमाण बाटलीवर लिहिलंय तेवढंच, अंदाजानं नाही. आधी ढोराला पोटभर पाणी पाजा म्हणजे ते अंग चाटणार नाही, आणि भर दुपारी फवारणी करूच नका. संकरित गायीला गोचीड तापानं फार लवकर खाली बसवलेलं मी पाहिलंय, आपली गवळाऊ, इकडचीच देशी गाय, त्यामानाने बरीच तग धरते.

उन्हाळ्याचं थोडक्यात, तुम्हाला माहीतच आहे. टिनावर तुराट्या नाहीतर पऱ्हाट्या टाका, बारदाना ओला करून बांधा, पाणी सावलीत ठेवा, बैल अकरा ते चार जुंपू नका. म्हशीचं कातडं काळं आणि घाम कमी, तिला दिवसातून दोनदा तरी पाण्यानं भिजवा. एक मात्र ध्यानात ठेवा, पाण्याविना खुरटलेली कोवळी ज्वारी ढोराला खाऊ देऊ नका, त्यात विष असते, घटकाभरात ढोर धडपडून मरते. तसं झालं तर घरगुती उपायात वेळ न घालवता डॉक्टरला बोलवा, यावर इंजेक्शन आहे.

आणि हो, कपाशीवर फवारणी सुरू झाली की औषध कालवलेली बादली, ड्रमातलं उरलेलं पाणी उघडं ठेवू नका. दर वर्षी पोळ्याच्या आगेमागे एखादी तरी केस येतेच, बैल तहानलेला असतो आणि त्याला काय कळणार बिचाऱ्याला.

तिकडून एका भाऊने विचारलंय की जंताचं औषध दर महिन्याला द्यायचं का. नाही, उगाच देऊ नका, तेच औषध वारंवार दिलं की जंतांना त्याची सवय होते आणि मग ते लागूच पडत नाही. पावसाच्या आधी एकदा, पाऊस संपताना एकदा, आणि मधे शेण तपासून. मेंढी-बकरीची तर खालची पापणी उलटून पाहिली तरी बरंच कळतं, लाल असेल तर ठीक, कागदासारखी पांढरी असेल तर पोटातले जंत रक्त पितायत. बाहेर निंबाखाली तीन बकऱ्या बांधून ठेवल्यात, त्यातली एक पांढऱ्या पापणीची आहे. चला, एकेकानं अंगठ्यानं पापणी खाली ओढून पाहायची, मी बाजूला उभा राहतो, आधी ताईंना पाहू द्या.